फोटोंचा स्लाइडशो डीव्हीडीवर करायचाय, साध्या प्लेअरवर लागणारा. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

रानजाई
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. घरी कार्यक्रम आहे पण आईचा मोठा भाऊ, आमचा दादामामा, राजापूरकडे गावी असतो, वय ८४, आता प्रवास झेपत नाही त्यामुळे तो येऊ शकणार नाही. म्हणून सगळे जुने फोटो एकत्र करून त्याला डीव्हीडी करून पाठवायची असं मी ठरवलंय. त्याच्याकडे स्मार्टफोन नाही, रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात येते तेवढीच, पण डीव्हीडी प्लेअर आणि जुना डबा टीव्ही आहे, कीर्तनाच्या सीड्या तो रोज संध्याकाळी स्वतः लावतो, रिमोट व्यवस्थित येतो.

फोटो २६० आहेत. त्यातले सत्तरेक लग्नाच्या अल्बममधले कृष्णधवल, ते काळ्या कागदाचे अल्बम असतात ना मधे बटर पेपर असलेले, त्यातले, स्कॅन करून घेतलेत. प्रत्येक फोटोखाली मराठीत नावं हवीत, मागे सनई किंवा पेटी हवी. दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओकडून असंच करून घेतलं होतं तर मामाच्या प्लेअरवर ते लागलंच नाही, नुसतं 'नो डिस्क' येत राहिलं, आणि तो बिचारा तीन दिवस प्रयत्न करत बसला होता, ते मला परत होऊ द्यायचं नाहीये. म्हणून यावेळी मीच करणार. लॅपटॉप विंडोज ११, डीव्हीडी ड्राइव्ह नाही. फुकटातलं असेल तर उत्तम, पण चांगलं असेल तर दोन-तीन हजार द्यायची तयारी आहे. एकाने प्रोशो सांगितलंय, घेऊ का?

जुनाकॅमेरा
ताई, प्रोशो नका घेऊ. एकेकाळी लग्नाचे स्लाइडशो सगळे त्याच्यातच व्हायचे हे खरंय, पण ते बनवणारी फोटोडेक्स कंपनी जानेवारी २०२० अखेर बंद झाली. आता जे कुठे मिळतं ते क्रॅक केलेलं असतं आणि त्यातून व्हायरस येतात, आईबाबांचे फोटो ज्या लॅपटॉपवर आहेत तिथे असलं काही टाकू नका. तसंच विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयता यायचा, फार सोपा होता, पण विंडोज ८ पासून तो काढून टाकला. आत्ता विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प हे व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर असतं पण ते एमपी४ फाइल देतं, डीव्हीडी बनवत नाही.

आणि तुमची मागची डिस्क का लागली नाही ते मला वाटतं इथेच आहे. एमपी४ फाइल डिस्कवर नुसती कॉपी केली तर ती डेटा डिस्क झाली, साध्या प्लेअरला ती कळत नाही. त्याला व्हिडिओ डीव्हीडी लागते, म्हणजे आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइली. हे काम ज्याला येतं ते डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर, स्लाइडशो बनवणारं वेगळं. पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात आणि तिथेच फसतात.

माझा सल्ला, डीव्हीडीस्टायलर घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. फोटो ओढून टाकले की स्लाइडशो होतो, प्रत्येक फोटो किती सेकंद ते ठरवता येतं, आवाज जोडता येतो, मेन्यू करता येतो. इन्स्टॉल करताना घाईने नेक्स्ट नेक्स्ट दाबू नका, प्रत्येक पान वाचा. बाहेरून लावायचा यूएसबीचा डीव्हीडी रायटर मिळतो, दोन हजारांच्या आसपास, तुमचं बजेट त्यातच घाला.

कोल्हापुरी_साज
जुनाकॅमेरा यांच्याशी सहमत. फक्त एक, नवीन प्रोजेक्ट उघडताना पाल निवडायचं, एनटीएससी नाही, या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत. पाल म्हणजे ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, आपल्याकडचे टीव्ही त्याचेच. एनटीएससी केलं तर बऱ्याच जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं होतं नाहीतर वरखाली फिरत राहतं. आणि डबा टीव्ही म्हणताय तर चित्राचा आकार ४:३ ठेवा, रुंद १६:९ नको.

सुईदोरा
मराठी नावांबद्दल बोलते कारण माझे आठ दिवस त्यातच गेले होते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, 'विठ्ठल' लिहिलं तर ठ सुटा दिसतो. मामाला स्वतःच्या वडिलांचं नाव मोडलेलं दिसलं तर कसं वाटेल. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये नावं टाइप करूच नका. लिब्रेऑफिस इम्प्रेस किंवा पॉवरपॉइंटमध्ये एका स्लाइडवर एक फोटो ठेवा, खाली युनिकोड मराठीत नाव लिहा आणि सगळ्या स्लाइड जेपीजी म्हणून बाहेर काढा. मग नाव हा फोटोचाच भाग झाला, पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ते मोडू शकत नाही. स्लाइडचा आकार सुरुवातीलाच ४:३ करून घ्या.

अक्षर मोठं ठेवा, एका ओळीत चार-पाच शब्द बस. जुने टीव्ही चारही कडा थोड्या कापतात, तेव्हा नाव अगदी खालच्या कडेला चिकटवू नका, दहा टक्के जागा सोडा.

जुनाकॅमेरा
सुईदोरा, हे फार छान सांगितलंत. अजून एक राहिलं, पैठणीचा काठ किंवा बारीक चौकडीचा शर्ट असेल तर डबा टीव्हीवर तो भाग थरथरतो. पालमध्ये प्रत्येक फ्रेम एक सोडून एक ओळ अशी दोन हप्त्यांत दिसते, बारीक आडव्या रेघा त्यात एकदा दिसतात एकदा गायब. अशा फोटोंना अगदी हलका ब्लर द्या. लॅपटॉपवर मऊ दिसेल पण टीव्हीवर शांत दिसेल.

पेणकर
मला एक विचारायचंय, डीव्हीडीच कशाला? आजकाल बऱ्याच प्लेअरला पुढे यूएसबी असतं, पेनड्राइव्हवर जेपीजी टाकून दिले की झालं. डीव्हीडीवर १२ मेगापिक्सेलचा फोटो सव्वाचार लाख पिक्सेलवर येतो, इतकी मेहनत करून स्कॅन केलेले फोटो असे बारीक करायचे म्हणजे जिवावर येतं.

रानजाई
पेणकर दादा, मामाच्या प्लेअरला यूएसबी नाही, पुतण्याला विचारून खात्री केली. आणि डिस्क घालायची, झाकण लावायचं हे त्याच्या हाताला सवयीचं आहे. पण तुमचा मुद्दा माझ्या मनात होताच, मूळ फोटो कुठे जपायचे?

कोल्हापुरी_साज
त्याच डिस्कवर! एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. २६० फोटो प्रत्येकी ८ सेकंद म्हणजे साधारण ३५ मिनिटं, चांगल्या क्वालिटीत म्हणजे ८ एमबीपीएसने (सेकंदाला ८ मेगाबिट) केलं तरी दोन जीबीच्या थोडं वर जातं. बाकी जागेत व्हिडिओ टीएसच्या शेजारी 'मूळ फोटो' असा फोल्डर करा आणि स्कॅन जसेच्या तसे टाका, इमगबर्न या डिस्क बर्न करायच्या सॉफ्टवेअरने दोन्ही फोल्डर एकत्र बर्न होतात. प्लेअर तो फोल्डर बघत नाही, पण उद्या कोणी कॉम्प्युटरला लावली तर फोटो मिळतात. तरी एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवाच, डिस्कला ओरखडा पडायला वेळ लागत नाही.

८ सेकंद मुद्दाम म्हणतोय. आपण चार सेकंद ठेवतो पण वयस्कर माणसाला चेहरा ओळखायला, नाव वाचायला वेळ लागतो. आणि सगळा एकच लांब स्लाइडशो नको. आजोळ, लग्न, आम्ही मुलं, नातवंडं असे वेगवेगळे करा, म्हणजे मेन्यूमधून रिमोटने मामा हवं तिथे जातील.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या, जुने प्लेअर आर डब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी) बऱ्याचदा वाचत नाहीत. ४ एक्स स्पीडने बर्न करा. वर कागदाचं लेबल चिकटवू नका, सीडीच्या मार्करने लिहा.

सुईदोरा
आणि पाठवायच्या आधी शेजारीपाजारी कोणाकडे जुना प्लेअर असेल तर लावून बघा. लॅपटॉपवर व्हीएलसीत लागली म्हणजे प्लेअरवर लागेलच असं नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रायटर मागवला, इम्प्रेसमध्ये नावं घातली (आईला शेजारी बसवून, तिने चौदा जणांची नावं सांगितली जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती). पहिली डिस्क काल झाली, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या प्लेअरवर लागली, नावं स्वच्छ दिसतात, सनईचा आवाज छान येतो. फक्त मोबाइलवर काढलेले नातवंडांचे सात-आठ फोटो आडवे पडलेत, लॅपटॉपवर सरळ दिसतात आणि डिस्कवर आडवे. ते फोटो इम्प्रेसमधून नाही काढले, थेट टाकले होते. काय करू? आणि अमेरिकेतल्या बहिणीला हीच डिस्क चालेल का?

जुनाकॅमेरा
मोबाइल फोटो फिरवत नाही, 'हा उभा आहे' अशी नोंद फक्त फाइलीत ठेवतो, सगळी सॉफ्टवेअर ती नोंद वाचत नाहीत. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, जेपीजी लॉसलेस रोटेशनने फिरवून सेव्ह करा, क्वालिटी जात नाही. मग तेवढा नातवंडांचा भाग परत बनवा, बाकीच्याला हात लावू नका.

बहिणीला ही डिस्क नको, तिकडचे बरेच प्लेअर पाल लावत नाहीत. तिला फोटोंचा फोल्डर गुगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. मामांकडे मात्र दोन डिस्क पाठवा, एक लावायला आणि एक कपाटात.