चर्चा: कोड्याचं इनपुट हातानं उतरवायचं की कोडनं वाचायचं?

शिवडी_पायथन:
ॲडव्हेंट ऑफ कोड ही डिसेंबरात रोज एक प्रोग्रॅमिंगचं कोडं देणारी साइट; तिचं कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं. मुंबईतल्या नोकरदाराला त्या वेळी मिटिंगआधी जेमतेम अर्धा तास मिळतो. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर तुमचा प्रोग्रॅम लपवलेल्या टेस्टवर चालवतात, इथे फक्त उत्तर तपासतात. मग इनपुटचा (कोड्यासोबत मिळणाऱ्या डेटाचा) अवघड भाग हातानं उतरवायला हरकत काय? 2022 चा पाचवा दिवस घ्या. वर पेट्यांच्या थप्प्यांचं चित्र, खाली हलवण्याच्या सूचना. नऊ थप्प्या म्हणजे नऊ स्ट्रिंग, मिनिटभरात टाइप होतात. पार्सर (इनपुट वाचणारा कोड) फक्त सूचनांसाठी लिहा.

मुलुंड_सीप्लसप्लस:
अजिबात पटलं नाही. चित्र उभं आहे आणि तुम्ही ते आडवं उतरवताय. पायथनच्या लिस्टचं पॉप (एक घटक उचलणं) शेवटून काढतं, म्हणजे तळाची पेटी डावीकडे हवी. नऊपैकी एक स्ट्रिंग उलटी पडली तरी प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. ते साइटवर भरलंत की मिनिटभर थांबा, चुका वाढल्या की आणखी. शिवाय कोड्यातच दिलेल्या छोट्या नमुन्यात तीनच थप्प्या आहेत, त्या वेगळ्या टाइप करणार का?
उलट कोड सरळ आहे. शून्यापासून मोजलं तर अक्षरं 1, 5, 9 अशी 33 पर्यंत येतात. प्रत्येक ओळीचा [1::4] तुकडा, म्हणजे 1 पासून दर चौथं अक्षर घ्या, आकड्यांची ओळ काढून टाका, ओळी खालून वर फिरवा, झिप करा (म्हणजे आडव्या ओळींचे उभे रकाने होतात), रिकाम्या जागा गाळा. नमुना आणि खरं इनपुट, दोन्ही त्याच कोडनं.

शिवडी_पायथन:
गुपचूप चूक कोडमध्येही होते की! फाइल वाचल्यावर सवयीनं स्ट्रिप (दोन्ही टोकांच्या स्पेस काढणं) लावतात. नमुन्याची पहिली ओळ चार स्पेसनं सुरू होते. त्या गेल्या की दुसऱ्या थप्पीवरचा डी पहिल्या थप्पीवर जाऊन बसतो, आणि वाचताना एररही येत नाही.

मुलुंड_सीप्लसप्लस:
बरोबर, म्हणून तिथे स्ट्रिप नकोच, फक्त शेवटची नवी ओळ काढा. एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस खातो, तेही बंद ठेवा; नाहीतर झिप सगळ्यात आखूड ओळीपाशी थांबतं आणि उजवीकडच्या थप्प्याच गायब होतात. पण हा दोष एकदा दुरुस्त केला की कायमचा गेला, आणि नमुन्यावर तो लगेच पकडता येतो. हातानं टाइप केलेल्या खऱ्या इनपुटातली चूक नमुना कधीच दाखवणार नाही. माझा सगळा आक्षेप इथेच आहे.

वसई_रस्ट:
दोघांनाही एक सांगतो: 'ओळीतले सगळे आकडे काढा' हे तयार फंक्शन डोळे मिटून वापरू नका. 2022 च्या चौथ्या दिवशी ओळ असते 2-4,6-8. त्या फंक्शनच्या आकडे शोधणाऱ्या पॅटर्नमध्ये उणे चिन्ह चालत असेल तर हाती येतं 2, -4, 6, -8. आणि पंधराव्या दिवशी काही सहनिर्देशक खरोखरच ऋण आहेत, तिथे उणे हवंच. आधी इनपुट डोळ्यांनी वाचा.

शिवडी_पायथन:
तेच म्हणतोय. आता अकरावा दिवस, माकडांचा. आठ माकडं, प्रत्येकाच्या वस्तू, क्रिया, भाजक आणि वस्तू कोणाकडे फेकायची ते दोन पत्ते. क्रिया कोडनं वाचायला लोक लूपमध्ये लॅम्ब्डा (छोटं निनावी फंक्शन) बनवतात. तो लॅम्ब्डा लूपचं व्हेरिएबल चालताना बघतो, त्यामुळे आठही माकडांना शेवटच्या माकडाची क्रिया लागते. आठ लॅम्ब्डा हातानं लिहिलेत तर हा प्रश्नच येत नाही.

मुलुंड_सीप्लसप्लस:
क्रियेची स्ट्रिंग लॅम्ब्डाला डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून द्या, प्रश्न मिटला. आठ माकडांच्या पाच-पाच गोष्टी म्हणजे चाळीस नोंदी, वर नमुन्यातल्या चार माकडांच्या वीस. एक भाजक चुकला की दुसऱ्या भागात आकडे लहान ठेवायला वापरतो तो सगळ्या भाजकांचा गुणाकारही चुकतो, आणि दहा हजार फेऱ्यांनंतर चूक कुठून शोधणार?
हातानं उतरवायचं तर फक्त 2015 च्या एकविसाव्या दिवसासारखं इनपुट. तीन ओळी, बॉसचे (खेळातल्या शत्रूचे) तीन आकडे. तेही कोडमध्ये पेरू नका, फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्या, म्हणजे आधी नमुन्यातला बॉस, 12, 7, 2, चालवून बघता येईल.