धागा: छपाईची फाइल नीट करायला नागपुरात कुठे शिकू?

रेषा_धंतोली:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून घरूनच डिझाइनची कामं करते. बहुतेक सगळी मोबाइलवर पाहायची: दुकानांच्या पोस्टी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लग्नपत्रिका, लोगो. एप्रिलमध्ये पहिल्यांदा छपाईचं मोठं काम मिळालं. एका वाचनालयाच्या ५० वर्षांची स्मरणिका, ९६ पानं, आत रंगीत फोटो, ५०० प्रती, १ मेला प्रकाशन. खर्च सभासदांच्या वर्गणीतून.

गठ्ठे उघडले आणि पोटात गोळा आला. वेलांट्यांना गुलाबी-निळी सावली, धड वाचवत नव्हतं. मुखपृष्ठाचा गर्द निळा जांभळा झालेला. फोटो कडेपर्यंत नेले होते तिथे पांढरी रेघ. आणि ‘वऱ्हाड’ हा शब्द ज्या ज्या पानावर होता तिथे मोडलेला. ज्यांच्या आठवणी आम्ही छापल्या त्यातले दोन आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्या हातात ती प्रत देताना मला फार वाईट वाटलं. प्रेसचं म्हणणं, फाइल आली तशी छापली. चूक माझीच आहे, पण नेमकी कोणती तेच मला कळत नाही.

सीताबर्डीवर चार क्लासमध्ये विचारून आले. चारही ठिकाणी फोटोशॉप, कोरल, इलस्ट्रेटर, कॅनव्हा. टूल्स मला येतात. फाइल हातातून गेल्यावर तिचं पुढे काय होतं, ते कुणी शिकवतं का? शनिवार मोकळा असतो. डिजिटलची बाजूही कच्चीच आहे, त्याबद्दलही सांगा.

खापरीवाला:
रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये ‘डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. छपाईचे वेगळे आहेत: ‘लिथो ऑफसेट मशीन माइंडर’, ‘प्लेट मेकर कम इम्पोझिटर’. प्रवेशाच्या वेळी नागपूर विभागाच्या यादीत कुठे जागा आहेत ते पाहा. शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कला आहे, पण ती पूर्णवेळ पदवी. मुद्रण अभियांत्रिकीसाठी पुणे गाठावं लागेल. शनिवारपुरतं यातलं काहीच नाही जी.

प्लेटरूम:
ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. महालातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये २२ वर्षांपासून फाइल तपासायच्या टेबलावर बसतो. तुम्ही सांगितलेले दोष आमच्याकडे रोज येऊन राहिले.

आधी सावलीचं. तुमचा काळा नुसता काळा नव्हता. आरजीबीतला (पडद्याच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) नेला की फोटोशॉपच्या मूळ सेटिंगला तो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० टक्के असा होतो. म्हणजे एकच वेलांटी चार प्लेटांवरून (दर शाईची एक) चारदा छापायची. कागद केसभर सरकला की खालचा रंग बाहेर डोकावतो. त्यात एप्रिलअखेरचं नागपूर, पारा ४३-४४ आणि हवेत ओल नाही. कोरड्या हवेत कागद आकसतो, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. मशीन दोनरंगी असेल तर तोच कागद दोनदा आत जातो आणि मधल्या वेळात आणखी आकसतो. आम्ही उन्हाळ्यात रीम छपाईच्या वेळेपर्यंत वेष्टनातच ठेवतो, तरी रजिस्टर, म्हणजे चारही रंग नेमके एकमेकांवर, बसवायला मशीनवाल्याच्या नाकी नऊ येतात. हीच फाइल जुलैत थोडी बरी छापली गेली असती, पण थोडीच. मजकूर नेहमी ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य, आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. मोठा काळा पट्टा असेल तर मात्र एकटा ब्लॅक फिका दिसतो. तिथे सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३० आधाराला द्या.

निळ्यात मॅजेंटा सायनच्या जवळ गेला की जांभळा होणारच. दोघांत निदान ३० चं अंतर ठेवा. पडद्यावरचा तो चमकता निळा चार शायांत बसत नाही, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका. पांढरी रेघ ब्लीड नसल्याची: फोटो कापाच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिमी जास्त, आणि मजकूर कापाच्या रेषेपासून ५ मिमी आत.

आता एक तपासणी, जी मी प्रत्येक फाइलवर करतो. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडा आणि ब्लॅकची टिकखूण काढा. मजकूर पुरता नाहीसा झाला तर काळा बरोबर आहे. पुसट अक्षरं मागे उरली तर फाइल पाठवू नका. तिथेच एकूण शाईही (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) दिसते. आर्ट पेपरला ३०० टक्के, वर्तमानपत्री कागदाला २४०. मॅपलिथोला, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदाला, मी २६० च्या वर जाऊ देत नाही. जास्त झाली की वाळत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

शिकायचं कुठे? प्रेसमध्येच. गांधीबाग, महाल, गणेशपेठ फिरा आणि मालकाला सरळ सांगा की चार शनिवार बसायचंय, कामात लुडबुड करणार नाही. एप्रिल-मे लग्नपत्रिकांचा, नोव्हेंबर-डिसेंबर कॅलेंडर-डायऱ्यांचा; तेव्हा कुणाला बोलायलाही वेळ नसतो. पावसाळा बरा. एकच काम निवडा आणि फाइल, प्लेट, मशीन, घडी, कटिंग असं शेवटपर्यंत त्याच्या मागे राहा. घरी आजच एक करा: मोठा कागद तीनदा घडी घालून १६ पानी फर्मा करा, पानांवर आकडे टाका आणि उलगडा. १ च्या शेजारी १६, ८ च्या शेजारी ९, काही आकडे उलटे. तुमची ९६ पानं म्हणजे असे ६ फर्मे. हे हाताला कळलं की इम्पोझिशन, म्हणजे मोठ्या कागदावर पानं मांडायची रीत, समजलं.

मात्रा_रफार:
‘वऱ्हाड’चं मी सांगते. मजकूर युनिकोडमध्ये आला असेल आणि श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टसाठी कन्व्हर्टरमधून काढला असेल. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याच्या ऱ ला हलन्त, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कन्व्हर्टरला एकच प्रकार माहीत असला की दुसरा मोडतो. म्हणून रूपांतरानंतर मी हे शब्द शोधून पाहतेच: वऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, ऱ्हस्व, हृदय, सूर्य.

खरं तर रूपांतर करूच नका. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा, भाषा मराठी ठेवा आणि युनिकोडमध्येच काम करा. तो कंपोझर निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि लोक फॉन्टला दोष देतात. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं, तेही पाहून फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी मोफत आहे आणि पुस्तकी मजकुराला छान दिसतो.

पडदा_पिक्सेल:
डिजिटलसाठी थोडक्यात. पडद्यावर डीपीआयला (इंचातल्या ठिपक्यांना) काही अर्थ नाही, पिक्सेल मोजा. रंग एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करा, लोगो एसव्हीजीमध्ये द्या, म्हणजे मोठा केला तरी फुटत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. इंग्रजीचे टेम्प्लेट जसेच्या तसे वापरले की मात्रा वरच्या ओळीला टेकतात. आणि फोटो मुळात आरजीबीतच जपून ठेवा. सीएमवायके करायचं ते छपाईच्या प्रतीत, शेवटी. एकदा सीएमवायके करताना गेलेला रंग पुन्हा आरजीबी केला तरी परत येत नाही.

रेषा_धंतोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आत्ताच टिकखूण काढून पाहिली. ९६ पानांत एकाही पानावरचा मजकूर गेला नाही. आता कळलं. एक विचारते, कोरल सोडून द्यायचं का?

प्लेटरूम:
पत्रिका, पत्रकं, स्टिकर यांना कोरल उत्तम, नागपुरातले कितीतरी प्रेस त्यावरच चालतात. ९६ पानांचं पुस्तक त्यात करू नका. इनडिझाइनचे पैसे जड वाटत असतील तर स्क्रायबस मोफत आहे, सीएमवायके आणि पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) दोन्ही देतं. कोरलची फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार करून, द्या.

मात्रा_रफार:
कर्व्ह करायच्या आधीची प्रत वेगळ्या नावाने जपा मात्र. कर्व्ह झाल्यावर एक अनुस्वार राहिला तरी पूर्ण ओळ नव्याने टाकावी लागते.

रेषा_धंतोली (जुलै):
तीन शनिवार झाले. गणेशपेठेतल्या एका प्रेसने बसू दिलं. पहिल्या दिवशी नुसती भिंगातून ठिपके बघत उभी होते. तिथल्या बाइंडर काकूंनी कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला. तो ज्या रेषेभोवती गुंडाळला गेला ती त्याच्या तंतूंची दिशा. ती पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी, नाहीतर पानं ताठ राहतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. कागद मागवतानाच हे सांगायचं असतं, मला कल्पनाच नव्हती.

स्मरणिका पहिल्या पानापासून पुन्हा लावली, युनिकोडमध्ये. माझ्या पैशांनी ५० प्रती डिजिटल छपाईच्या मशीनवर काढतेय, ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी. काल प्रूफ आलं. काळा काळाच आहे, वऱ्हाड नीट आहे.

प्लेटरूम:
फार बरं वाटलं ताई. सही करायच्या आधी माणसांची नावं आणि फोटोंखालच्या ओळी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. जमलं तर त्या आजोबांपैकीच एकाकडून.