लेखीत पहिला, मुलाखतीत सहा: गुणवत्ता मोजतात तरी कशी?

केळीवाला_पोऱ्या
राम राम मंडळी. आमच्या गावची पोलीस पाटलाची जागा निघाली होती. तालुक्याचं नाव घेत नाही. लेखी ८० गुणांची, मुलाखत २० ची. लेखीत मला ६२, दुसऱ्या नंबरच्याला ५५. मुलाखतीत मला ६ आणि त्याला १५. बेरीज ६८ विरुद्ध ७०, दोन गुणांनी गेलो.

मुलाखत पाचेक मिनिटांत उरकली. "गावात दोन गटांत वाद पेटला तर काय करशील?" मी म्हटलं, आधी बीट हवालदाराला फोन, मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पारावर बसवीन. साहेब कागदच चाळत होते. निवडलेल्या मुलाचा काका पुढाऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो. पुरावा मात्र माझ्याकडे काहीच नाही.

२०२४ ला मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, तेव्हापासून या जागेला भलताच भाव आलाय. माझा प्रश्न असा, की लेखी नुसती दाखवायलाच असते का? आणि वडील म्हणतात, "सरपंचाला कुठं परीक्षा असते? मग तुलाच का?" यावर मला काही बोलता आलं नाही.

धुळेकर_भाऊ
बठ्ठं गाव वळखस तुले, मंग मुलाखत कसाले?

नाना_निवृत्त
दादा, मी प्रांत कचेरीत अव्वल कारकून होतो. अशा भरतीचे गठ्ठे मीच बांधलेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. मुलाखतीच्या तक्त्यावर गुण आधी पेन्सिलीने पडायचे. शेवटचा उमेदवार बाहेर गेला की चहा यायचा आणि मग पेन्सिलीवर पेन फिरायचं. जे काही व्हायचं ते या दोहोंच्या मधल्या वेळात. लेखीचे गुण समोर असले की कोणाला किती दिले म्हणजे गाडी पुढे जाते, हे तोंडी हिशेबात बसतं. तुला ९ मिळाले असते तर तू ७१ वर. ६ का दिले, ते यावरून समज. अर्थात तुझ्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही.

फोन सगळ्याच साहेबांना येतात. एक साहेब मुलाखती संपेपर्यंत लेखीची यादी कपाटात कुलूपबंद ठेवायचे आणि गुण थेट पेनाने लिहायला लावायचे. यूपीएससीतही मुलाखत मंडळाला मुख्य परीक्षेचे गुण सांगत नाहीत. तिथे २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे, म्हणजे साडेतेरा टक्के. तुमच्याकडे वीस. केंद्राने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

तरी मुलाखत काढूनच टाका असं मला वाटत नाही. सामान्य ज्ञानात ७० घेतलेला माणूस रात्री दोनला नाल्यात प्रेत सापडलं तर घराबाहेर पडेल का, हे पेपरात कळत नाही. (पाच मिनिटांतही कळत नाही, ते वेगळं.) आणि जाहिरात नीट वाचली असशील तर, गुण समान पडले की आधी पोलीस पाटलाच्या वारसाला प्राधान्य! पिढीजात चालणारी मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, पण वारस शब्द काही कागदावरून हलला नाही.

आता तुझ्या वडिलांचं. सरपंचालाही थोडी अट आहे. २०१७ पासून, १९९५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी पास असावं लागतं. आमदार-खासदारांना तेवढीही नाही, आणि याची खंत राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलून दाखवली होती. माझं मत उलट आहे. निवडून येणाऱ्याला परीक्षा नको, कारण नालायक निघाला तर पाच वर्षांनी गावच त्याला घरी बसवतं. पोलीस पाटील एकदा चिकटला की नूतनीकरण होत होत साठीपर्यंत राहतो, त्याला गाव हलवू शकत नाही. म्हणून त्याची निवड कोणी, कशावर केली ते उघड पाहिजे.

धडगावची_ताई
नाना, पटलं. पण केळीवाल्या भाऊंनी ६२ ला शुद्ध सोनं समजू नये. आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या कलेक्टरकीची, परीक्षा लंडनला असायची तेव्हा १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पहिले भारतीय पास झाले. ती भारतात व्हायला १९२२ उजाडलं. मधल्या काळात इथे हुशार माणसं नव्हती का? बोटीचं भाडं नव्हतं. आज आमच्या पाड्यावरच्या पोरीला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र नाशिकला येतं. आदल्या दिवशी निघायचं, रात्र स्टँडवर काढायची आणि सकाळी तुमच्या अभ्यासिकेतल्या पोराशेजारी बसायचं. झोपडीत वाढून आयएएस झालेले सामोड्याचे राजेंद्र भारूड आमच्याच नंदुरबारला कलेक्टर होते, त्याचा अभिमान आहेच. पण प्रत्येक भाषणात त्यांचं नाव घेऊन बाकीच्यांना "तुम्ही का नाही?" विचारतात, तेव्हा डोकं फिरतं.

केळीवाला_पोऱ्या
ताई, अभ्यासिकेचे महिन्याला सहाशे भरत होतो, खोटं कशाला बोलू. नाना, आता करू काय? मित्र म्हणतात, पुढाऱ्याकडे जा.

नाना_निवृत्त
पुढाऱ्याकडे गेलास तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचे ९ चे ६ होतील. माहिती अधिकारात तुझी उत्तरपत्रिका माग. स्वतःची उत्तरपत्रिका बघता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. सोबत मुलाखतीच्या गुणांचा मूळ तक्ता माग, टाइप केलेली प्रत नको. पेन्सिल खोडलेली असली तरी कागदावर खूण राहते. उत्तराला तीस दिवस. दाद मागायची तर मॅटचं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, खंडपीठ संभाजीनगरला आहे, मुदत एक वर्षाची, घरात बसून घालवू नको. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको. बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक टेबलावरचा, माणूस जेवायला जातो म्हणेल, तरी थांब.