ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना भाताचे काय करावे? (मदत हवी आहे)

माझ्या वडिलांचे (वय 62, रत्नागिरी) ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) 240 आहेत, म्हणजे 150 या मर्यादेपेक्षा बरेच अधिक. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधामुळे आटोक्यात असून मधुमेह, थायरॉइडचा त्रास किंवा मद्यपान नाही. चहातील साखर, बिस्किटे आणि मैदा तीन महिन्यांपूर्वीच बंद केला, तेव्हा आकडा 290 होता. डॉक्टरांनी ‘भात कमी करा’ एवढेच सांगितले. परंतु दोन्ही वेळा भात जेवणाऱ्या कोकणी माणसाला ते सांगणे सोपे, पाळणे कठीण. ज्वारीची भाकरी त्यांना सोसत नाही, नाचणीची चालते. औषधांत बदल करायचा नाही. कोंडा टिकून राहिल्याने हातसडीच्या तांदळात तंतू अधिक असतात हे ठाऊक आहे. पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून केवळ तांदूळ बदलल्याने ट्रायग्लिसराइड उतरतात, की भाताचे प्रमाणच घटवून डाळ-उसळ वाढवावी लागते?