राम सुतारांनी घडवलेल्या पुतळ्याची फूटभर प्रत: द्यावी की नको?

पांझराकाठ:
धुळ्यात एका सत्कारात पाहुण्यांना सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याची फूटभर प्रतिकृती दिली. शिल्पकार राम सुतार आपल्या गोंदूरचे, हौस समजते. पण उलटी करून पाहिली तर आत फायबर, कानामागे साच्याची शिवण तशीच, कोपरावरचा रंग उडालेला. सुतारांचं नाव कुठेच नाही. द्यायची तर ब्राँझची द्या, नाहीतर शाल-नारळ बरा.

गिरणामाय:
पटस नही भाऊ. ब्राँझची म्हणजे आधी मेणाची प्रत, तिच्यावर साचा, मेण वितळवून धातू ओतणं, मग घासकाम. प्रत्येक नगाला हीच मेहनत. जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडेल का? सुतारांचे गांधी देशोदेशी पोचले ते प्रती निघाल्या म्हणूनच.

पांझराकाठ:
त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. बाजारू साच्यातला माल त्यात कशाला धरता?

ओतकामवाला:
दोघंही धातूवरच अडकलात. खरी गोची मापाची आहे. उंच पुतळा खालून बघायचा असतो, म्हणून शिल्पकार डोकं-खांदे जरा मोठे धरतो. तोच यंत्राने सरसकट लहान केला की टेबलावर डोकं बोजड दिसतं आणि धोतराच्या चुण्यांच्या नुसत्या रेघा उरतात. लहान प्रत पुन्हा हाताने घडवावी लागते.

गिरणामाय:
पटेलांचे आधी ३, १८ आणि ३० फुटांचे नमुने झाले, शेवटच्याचं स्कॅन करून मोठा केला. मग तो ३ फुटी खोटा का?

ओतकामवाला:
तो मूळ घडणीतला. मी मागाहून आटवलेल्या प्रतीबद्दल बोलतोय. गांधीसागर धरणावरची त्यांची चंबळ देवी घ्या. ४५ फूट, काँक्रीट, सोबतची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. तिची गुळगुळीत ब्राँझ बाहुली केली तर काँक्रीटचा तो राकटपणा गेलाच की. (मला त्यांचं तेच काम सगळ्यात आवडतं, पटेलांपेक्षाही.)

पांझराकाठ:
म्हणून तर मोजक्याच प्रती हव्यात. सुतार २०२५ मध्ये शंभरी पार करून गेले. मुलगा अनिल सुतारही शिल्पकार आहेत, त्यांच्या देखरेखीखाली काढाव्यात, प्रत्येकीवर क्रमांक घालावा आणि शेवटी साचा फोडावा.

गिरणामाय:
फोडा! त्या क्रमांकाच्या प्रती पुढाऱ्यांच्या दिवाणखान्यात जाणार, आमच्या पोरांनी फोटोच बघायचे. मी फायबरच मागणार. तळाला 'राम सुतार, गोंदूर' एवढं मात्र कोरून द्या.