आधी चाकं उचलून बघा
गाडीचं स्टिअरिंग जड फिरतं म्हणून थेट स्टिअरिंग बॉक्सच (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाची गिअरची पेटी) बदला, असं एकाने सुचवलंय. एवढी घाई नको. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला, खाली स्टँड लावा आणि स्टिअरिंग फिरवून बघा. हलकं फिरलं तर आधी टायरमधली हवा, मग अलाइनमेंट तपासा. चाकं उचलूनही जड असेल तर ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघालेला हात) ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा. आता स्टिअरिंग मोकळं झालं, तर दोष बॉक्सचा नाही, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) किंवा बॉलजॉइंटचा (दांड्यांच्या टोकांचे गोलाकार सांधे).

माझ्याकडे किंगपिनच निघाले. ग्रीसगन दाबली तरी आत काही जाईना. निपलमधलं (ग्रीस भरायचं छोटं तोंड) जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. निपल बदलले, चाकं अधांतरी असतानाच ग्रीस भरलं, तेव्हा कडेने काळा चिखल बाहेर आला. आणि हो, प्ले (स्टिअरिंगचा ढिलेपणा) घालवायला कुणी बॉक्सवरचा स्क्रू जास्त आवळलाय का, तेही विचारा. मागच्या मालकांचे उद्योग!