त्रिएस्तेमध्ये उंची हॉटेलात दोन रात्री राहावे का?

प्रश्न:
ऑक्टोबरअखेरीस आम्ही उभयता व्हेनिसला जाणार आहोत. तेथून रेल्वेने साधारण दोन तासांवर असलेल्या त्रिएस्तेकडे बहुतेक प्रवासी वळत नाहीत. आम्हाला मात्र तेथे समुद्रासमोरच्या उंची हॉटेलात दोन रात्री राहण्याची इच्छा आहे. हा खर्च सार्थकी लागेल का?

प्रतिसाद १:
अवश्य राहा. १७१९ मध्ये मुक्त बंदर म्हणून घोषित झालेले आणि १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या साम्राज्याचे प्रमुख बंदर असलेले हे शहर विमा आणि कॉफी यांच्या व्यापारावर संपन्न झाले होते, आणि त्या संपन्नतेची खूण तेथील जुन्या हॉटेलांच्या उंच छतांत व प्रशस्त दालनांत आजही दिसते. १९११ मध्ये सुरू झालेले सव्होया एक्सेल्सियर पॅलेस हे हॉटेल किनाऱ्यालगतच आहे आणि एका बाजूने समुद्राला खुला असलेला पियात्सा उनिता हा भव्य चौक तेथून चालत जाण्याइतका जवळ आहे. मात्र खोली समुद्राकडचीच मागून घ्या. मागच्या बाजूच्या खोलीसाठी एवढे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, पण बोरा वाऱ्याचा विचार जरूर करा. ईशान्येकडून येणारा हा कोरडा, थंड वारा कधीकधी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतो आणि मग बाहेर फिरणे कठीण होते. अशा दिवशी चांगल्या हॉटेलाचे मोल खरोखर कळते. वारा नसेल तर हाब्सबुर्ग राजपुत्र आर्चड्यूक मॅक्सिमिलियनने बांधवून घेतलेला मिरामारे राजवाडा पाहा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. समुद्राकडचीच खोली आरक्षित करतो.